बाबांचा खोकला आणि आईची जास्वंद

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार, आणि या खेपेस नेहमीपेक्षा चार बोटं जास्त वाकून. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींच्या डोळ्यांतले थेंब वेळच्या वेळी घातले जातात ना? इकडे सगळे खुशाल. बाबांचा खोकला पूर्ण थांबला आहे. तो कसा थांबला हे सांगण्यातच निम्मं पत्र जाणार, तेव्हा चष्मा लावून, बसून वाच.

तुझं पत्र परवा दुकानात मिळालं. आईच्या पांढऱ्या जास्वंदीची तुझ्याकडची कुंडी पिवळी पडत चालली आहे, आणि तू तर माझ्या वहीतला एकही नियम मोडलेला नाहीस, असं तू लिहितेस. वाचून माझ्या हातातला चिमटा गळून पडला (गिऱ्हाइकाचं घड्याळ समोर उघडं होतं, सेकंदाचा काटा अजून सापडायचा आहे). ताई, घड्याळं मी कुणाकडे शिकलो नाही, बागकामही नाही. आई गेल्यावर तिच्या झाडाच्या दोन फांद्या आपण वाटून घेतल्या, तेव्हापासून निरीक्षण करून मी ती वही लिहिली. शहाण्णव पानं, एकशे बारा नियम, मागे सूची. तुझी फांदी मरू नये म्हणून अख्खी वही पुन्हा हातानं उतरवून गेल्याच महिन्यात तुला पाठवली. ती आता कृपा करून माळ्यावर टाक.

कारण असं. घरानं मिळून बाग करायची ही कल्पना माझी. खिडकीतल्या सात कुंड्या हिच्याकडे, मागच्या अंगणातले वाफे लेकीकडे, देखरेख बाबांकडे (बसून करता येते म्हणून) आणि नियम माझ्याकडे. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी स्वतः प्रत्येक कुंडीला औषधाच्या मापानं चाळीस मापं पाणी घालणार, ऊन असो की ढग. बशीत उतरलेलं पाणी कुणी काढायचं नाही. कुंडी जागची हलवायची नाही. चार वर्षं बाग अशी काही बहरली की शेजारचा शिंपी कुंपणावरून विचारायचा, हात कुणाचा हो? मी तोंडानं काही सांगत नसे. नखांतली माती दिसेल अशा बेतानं हात मात्र कुंपणावर ठेवत असे.

गेल्या महिन्यात दाढ ठणकायला लागली म्हणून मी चार वाजताच दुकान बंद केलं आणि मागच्या दारानं घरी आलो (पुढून आलो असतो तर शिंप्याशी बोलावं लागलं असतं, आणि दाढ बोलू देत नव्हती). बघतो तर सातही कुंड्या अंगणात. लेक बशांमधलं पाणी बादलीत ओतते आहे. ही जास्वंदीतलं माझं खत (नियम सत्तेचाळीस) चमच्यानं उपसते आहे. आणि बाबा खुर्ची टाकून पुढच्या दारावर डोळे लावून बसले आहेत. चाहूल लागून ते वळले, दचकले आणि जोरजोरात खोकायला लागले.

“बाबा, आता कशाला खोकताय?” ही म्हणाली. “हे आलेत की!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज संध्याकाळी मी फाटकाशी आलो की ऐकू येणारा तो खोकला कुंड्या आत घेण्याचा इशारा होता. आणि त्या धडधाकट माणसाला मी चार वर्षं खोकल्याचं औषध पाजलं. (दोन बाटल्या तूही पाठवल्यास. बिचाऱ्यांनी निमूट घेतलं सगळं.)

“पप्पा, तुम्ही सकाळी जे घालता ते आम्ही दुपारी काढतो,” लेक म्हणाली. “म्हणून तर जगलंय सगळं.”

कुंपणावर ठेवलेला तो हात आठवला आणि दाढेचं दुखणं मी विसरलो. पण खरी लाज तुझं पत्र वाचून वाटली. माझ्या नियमानं घातलेलं मागून काढणारं तुझ्याकडे कुणी नव्हतं. लहानपणी माझं एक ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते नेमकं हे!

तर पाणी आजच थांबव. बशी काढून टाक. मातीत दोन पेरं बोट घालून बघ, कोरडं लागलं तरच पाणी घाल. (हे लेकीचं सांगणं आहे, माझं नाही. तेव्हा बिनधास्त कर.)

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता.क. आमची जास्वंद कशी आहे असं तू विचारलं होतंस आणि मी पत्रभर त्या वाटेला गेलो नाही. दाढेच्या त्या दिवशी रागाच्या भरात मी सांगून टाकलं की यापुढे जास्वंदीला कुणी हात लावायचा नाही. मी एकटा, वहीप्रमाणे. तिघांनीही ऐकलं. एकोणीस दिवसांत गेली. आईची म्हणून आता तुझ्याकडचीच उरली आहे. ती सावरली की एक फांदी पाठवशील का?

ता.क. दुसरा. पुडक्यावर नाव लेकीचं घाल, माझं नको. आणि बाबांचा खोकला थांबला असं वर लिहिलं आहे, ते तितकंसं खरं नाही. मी कुंड्यांच्या दिशेनं उठलो की येतो.