रेइनोच्या फळ्या

४ ऑक्टोबर, शनिवार
सौनाच्या गरम वाफेतून बाहेर आलो, अंग पुसलं आणि खाज. सुया टोचल्यासारखी, अंगभर. पुरळ नाही, फोड नाही. पाऊण तास थयथयाट. कारण उघड आहे. शेजारच्या रेइनोनं उन्हाळ्यात आमच्या सौनातल्या बाकासाठी देवदाराच्या फळ्या फुकट दिल्या. फुकट का दिल्या, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

५ ऑक्टोबर
बायको म्हणते, आमची लेम्पी, त्याच झाडाच्या फळ्या रेइनोच्या सौनात आहेत, त्याला कसं काही होत नाही? त्याची कातडी गेंड्याची! म्हणते, तुझं तोंड लालबुंद झालंय, डॉक्टरला दाखव. लाली म्हणजे तब्येत. आमच्या घराण्याचं रक्तच दाट. सुपीरियर सरोवरावरचा वारा मला लागत नाही तो उगीच नाही.

९ ऑक्टोबर
साबण बदलला. घरच्या शॉवरखालीही खाज. म्हणजे फळ्यांचं विष अंगात मुरलं.

१३ ऑक्टोबर
पहारीनं बाक उखडलं. अंगणात जाळलं. रेइनो कुंपणाशी येऊन म्हणाला, "वाइनो, अरे, सांगितलं असतंस तर परत नेल्या असत्या." मी म्हणालो, "विष कोण परत नेतं?" पन्नास वर्षांत पहिल्यांदा कॉफी न घेता गेला. येईल उद्या.

१९ ऑक्टोबर
आला नाही. बरंच झालं. खाज आहेच.

२१ ऑक्टोबर
लेम्पीनं दवाखान्यात नेलंच. डॉक्टरीण नातीच्या वयाची. मी फळ्यांचं सांगत होतो. तिनं एवढंच विचारलं, आंघोळीनंतरच खाजतं का? मग पोट दाबलं, रक्त घेतलं.

३० ऑक्टोबर
रक्त दाट आहे. फारच दाट. सावकाश चालणारा रक्ताचा कर्करोग, म्हणाली. गरम पाण्यानंतरची खाज ही त्याचीच एक खूण. दुर्लक्ष केलं तर गुठळी होऊन झटका. आता अधूनमधून पिशवीभर रक्त काढायचं, रोज ॲस्पिरिन. लेम्पीनं माझा हात सोडला नाही.
मी विचारलं, मग फळ्या? डॉक्टरीण म्हणाली, "कसल्या फळ्या?"

१ नोव्हेंबर, शनिवार
माफीचं वाक्य पाठ करून रेइनोकडे गेलो. दारात विसरलो. म्हणालो, "माझं रक्त बिघडलंय." त्यानं दार सताड उघडलं. मग म्हणाला, "आत ये, सौना तापलाय."
सौनातल्या खालच्या बाकावर बसलो. त्याच झाडाच्या फळ्या. बाहेर आलो आणि खाज.
"आता माझंही बाक जाळतोस का रे?" म्हणाला, आणि माझी पाठ खाजवू लागला.
डावीकडचं त्याला नीट जमत नाही. पुढच्या शनिवारी शिकवीन.