शेवटच्या रॉकरपर्यंत

१४ ऑक्टोबर, रविवार

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. बाबा ठीक आहेत, म्हणजे कुरकुर नियमित आहे. मला कॉलेजची पंधरा दिवस सुट्टी लागली आणि ती मी गॅरेजात घालवते आहे. हा शब्द आपण अठरा वर्षं पत्रांत लिहिला नाही. आज लिहिते, कारण तू बांधलेलं ते जुन्या ट्रकचं इंजिन आम्ही उघडून दुरुस्त केलं. बाबा तेव्हा म्हणाले होते की तू आत सगळीकडे तेल न चढवताच ते चालू केलंस, म्हणून जाम झालं. तू म्हणालास, चढवलं होतं. दोघांनीही ऐकून घेतलं नाही आणि तू बॅग उचललीस.

बाबांचे हात आता थरथरतात. ताडपत्री त्यांनीच ओढली आणि म्हणाले, "मी जायच्या आत हे फिरलं पाहिजे." हात माझे, तोंड त्यांचं. "पोरांना गणित शिकवतेस आणि बोल्ट उलटा फिरवतेस. पगार कोण देतं तुला?" असं दिवसभर.

परवा तेल चढवलं. तुला यातलं मी काय सांगणार, पण मी पहिल्यांदाच स्वतः केलं, म्हणून लिहू दे. नव्याने बांधलेलं इंजिन आतून कोरडं असतं. बाबांनी तेलाच्या पंपात व्हॅसलीन भरायला लावलं, म्हणजे तो पहिल्या फेरीलाच तेल ओढेल. मग पंपाच्या दांड्याला ड्रिल मशीन जोडलं. वरचं झाकण काढून ठेवलेलं, झडपा दाबणारे बाराही रॉकर उघडे. बाबा पाना घेऊन क्रँकपाशी, इंजिनच्या मुख्य दांड्यापाशी, बसले. आधी मशीन मोकळं फिरत होतं. मग आवाज जड झाला आणि माझ्या मनगटाला ओढ बसली.

"पंपाने तेल धरलं," बाबा म्हणाले.

प्रेशरचा काटा उठला. त्यानंतर कितीतरी वेळ काहीच नाही. मग पहिल्या रॉकरच्या भोकात एक थेंब उभा राहिला, फुगला, सांडला. मग दुसऱ्या. तिसऱ्या. बाबा क्रँक थोडा थोडा फिरवत होते आणि तेल आतल्या अंधारात एकेक वळण घेत पुढे येत होतं. बारावा रॉकर फार उशिरा भिजला. त्या वाटा मीच तारेने साफ केल्या होत्या, कोणती कुठे वळते ते मला पाठ होतं, तरी ते पाहताना हात जोडावेसे वाटले. देवाचं आणि माझं कसं आहे ते तुला माहीत आहे. मग कुणाला, हे मला अजून सांगता येत नाही.

दोन पानं झाली आणि मी अजून मूळ गोष्टीपाशी आले नाही. पहिल्या दिवशी आम्ही खालचं, तेल साठतं ते चेंबर उतरवलं, तेव्हा तेल ओढणारी जाळी बुजलेली होती. केशरी, रबरासारखे वाळलेले तुकडे. चेंबरच्या आतल्या कडेलाही तसेच पट्टे लोंबत होते. गळू नये म्हणून पॅकिंगला लावतात ती पेस्ट. जास्त झाली की आत पिळून निघते, तुटते आणि जाळी बुजवून तेल अडवते. बाबांनी जाळी चष्म्याजवळ धरली.

"हा हात त्याचा नाही. त्याची रेघ बारीक असते."

"माझा आहे," मी म्हटलं.

त्या दुपारी तू सामान आणायला गेलास आणि जाताना म्हणालास, तेवढं चेंबर लावून टाक, एक रेघ पुरे. मला एक अपुरी वाटली. गळलं तर नाव माझं येईल म्हणून वरून दुसरी फिरवली, जाड. तू आल्यावर सांगितलं नाही. संध्याकाळी तू तेल चढवलंस. काटा उठलेला मी पाहिला. तीन दिवसांनी इंजिन जाम झालं, बाबा तुला खोटारडा म्हणाले, आणि मी दारात उभी होते.

मला कारण ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होते. ते अर्धंच खरं आहे. पेस्टची नुसती शंका होती, काट्याचं मात्र पक्कं ठाऊक होतं. पण ते बोलले असते तर बाबांनी विचारलं असतं, मग जाम कशाने झालं? त्या प्रश्नाला मी घाबरले. त्या दिवशीच्या डायरीत मी फक्त हवामान लिहिलंय. काल काढून पाहिलं.

पहिल्या दिवशी माझं ऐकून बाबांनी जाळी हातात फिरवली. "मीही उघडून बघितलं नाही," एवढंच म्हणाले.

काल सगळं तयार झालं. मी चावी लावली. बाबांनी ती काढून खिशात टाकली. "ज्याने बांधलं तो चालू करेल."

"आणि तो नाही आला तर?"

इंजिन नुसतं उभं राहिलं की चढलेलं तेल हळूहळू खाली उतरतं, म्हणून आज सकाळी त्यांनी मला पुन्हा मशीन धरायला लावलं. उद्याही लावतील. पुढच्या सोमवारी माझं कॉलेज सुरू होईल. मग त्या हातांनी ते एकटे कसं करतील, मला माहीत नाही.

तू ये, असं म्हणायचा अधिकार माझा नाही. मी समोर नको असेन तर तसं कळव, मी त्या दिवशी बाहेर राहीन. बाबांना मी सांगितलं ते तुझ्यासमोरही सांगायची तयारी आहे. कुठल्याही उत्तराची अट न घालता हे पत्र टाकते आहे.

तू खरं बोलत होतास.

तुझी,
धाकटी