निजून नाडी, उभ्यानं नाडी

ता. ४ मे १९०९, मंगळवार

वही, माफ कर. बारा दिवस तुला हात लावला नाही. माझी इमामबी तीनदा चक्कर येऊन पडली — चुलीपाशी, आडावर, आज दारात! काळीज ठिकाणावर नाही.

कबनूरला आमच्या लालबीचे दिवस भरत आलेत. तिला सासू नाही. आईची वाट बघते पोरगी. पण इमामबीला अशी आगगाडीत कशी बसवू?

शेजारची बनाबाई म्हणते, "दस्तगीरचाचा, तुंबडी लावा. रक्त काढल्याबिगर न्हाय सुटायचं."

ता. ५

उद्या तुंबडीवाला येणार. इमामबी म्हणते, "लावा. पर मला कबनूरला जाऊ द्या."

ता. ६, गुरुवार

तुंबडीवाल्याला परत पाठवलं! रक्त काढायला मन धजेना, म्हणून आधी डॉक्टरांना बोलावलं होतं. इमामबी पडद्याआड. परक्यानं हात धरायचा नाही, म्हणून नाडी मी धरली. डॉक्टर घड्याळ घेऊन बाहेर.

"मिनिटभर मोजा, चाचा."

जन्मभर खोगिरं शिवली, टाके विसांवर मोजतो. तसंच मोजलं. निजलेली — तीन विसा बारा. उभी केली — पाच विसा आठ! ओठ पांढरे पडले, लगेच बसवलं.

"निजून बहात्तर, उभ्यानं एकशे आठ," डॉक्टर म्हणाले. "पडता कधी, बाई?"

"उठले की अंधारी येती. निजल्यावर कायबी न्हाय."

डॉक्टरांनी पडद्याखालून पाय बघितले. "खाणं काय?"

मी सांगितलं. पाय सुजले होते म्हणून महिनाभर मीठ बंद, पाणी दिवसाला दोन तांबे. पथ्य मीच सांभाळतो, कडक!

"सूज कधीच उतरली, चाचा. ह्या उन्हात मीठ न्हाय, पाणी न्हाय? वर रक्त काढलं असतं तर —"

पडद्याआडून इमामबी, "मी म्हणत हुते की! पर ह्यांच्यापुढं बोलायचं कुणी?"

मीच पाडली तिला. मीच!

डॉक्टरांनी सांगितलं — मीठ, ताक, भरपूर पाणी. उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं.

ता. १२

उभ्यानं चार विसा दोन! दोनदा मोजलं. आडावर गेली, आली. मी मागं मागं. "सावलीगत फिरू नगासा, लोक हसत्यात!"

ता. १६, रविवार

सकाळच्या गाडीनं गेली. एकटी! हातकणंगल्याला जावई बैलगाडी घेऊन येणार. डब्यातून ओरडली, "मीठ टाकून जेवा!"

इमामबी, पोरगा की पोरगी ते मागाहून कळव. गाडीतून उतरताना पडली नाहीस — तेवढं आधी कळव. लवकर!