टेप शाळेपासून धरला

९ फेब्रुवारी, सोमवार
खिचडी चाखली. नियमच आहे, पोरांच्या आधी शिक्षकांनी खायची. दाताखाली कचकच. शालनमावशीने पातेल्यावर ताट आणि ताटावर ओला पंचा टाकला होता, तरीही. म्हणाली, "बाई, तांदूळ तीनदा धुतला. ही वरनं येती." वरनं म्हणजे माळावरच्या खडी क्रशरवरून. दिवाळीनंतर सुरू झाला तो. तेव्हापासून आमच्या बोरवस्तीच्या शाळेत फळा पुसला तरी पांढरा, नाही पुसला तरी पांढरा. शाळेत शिक्षक दोनच, मी आणि शिंदे सर. सर म्हणाले, "मॅडम, तुमचा पावडरचा खर्च वाचला." हसले. मग हसल्याचाच राग आला.

११ फेब्रुवारी
दुसरीतली श्रावणी कविता म्हणता म्हणता खोकायला लागली. थांबेचना. दम लागून पायरीवर बसून राहिली. तिची आई रेखा, म्हणजे शालनमावशीची मुलगी, न्यायला आली. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष तीच. मी म्हटलं, पारनेरला चांगल्या डॉक्टरांना दाखव. "दावलं की. म्हनले, धुळीत ठिऊ नका. मग कुटं ठिऊ, बाई?"
तिचा नवरा बाळू क्रशरवरच हायवा डंपर चालवतो. त्यामुळे विषय तिथेच सोडून तिने श्रावणीला कडेवर घेतलं.
घरी येऊन ऑनलाइन तक्रार टाकली. 'क्रशरमुळे शाळेची जागा मुलांच्या आरोग्यास सुरक्षित राहिलेली नाही.' नावासकट. हे म्हणाले, बदलीचं वर्ष आहे, नसती उठाठेव कशाला. आहे खरं बदलीचं वर्ष.

२४ फेब्रुवारी
मेसेज आला : तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग. चार दिवसांपूर्वीही हाच आला होता, फक्त विभाग वेगळा. तहसील म्हणतं धूळ प्रदूषणवाल्यांची. प्रदूषणवाले म्हणतात परवाना खनिजवाल्यांचा. ते म्हणतात ग्रामपंचायतीची ना-हरकत बघा. ग्रामपंचायतीत गेले तर ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, ती माझ्या आधीच्यांनी दिलीय." आधीचे नेवाशाला बदलून गेले. फुटबॉल झालाय नुसता. इकडे सुरुंग उडाला की खिडकीची तावदानं अजून वाजतात.

७ मार्च, शनिवार
सकाळची शाळा सुरू. सोमवारी पाहणी आहे, असा काल संध्याकाळी फोन आला. मला काल कळलं, पण क्रशरवर गुरुवारपासूनच पाइप जोडणं चाललंय. बाळूने रेखाला सांगितलं, रेखाने मावशीला, मावशीने मला. सगळ्यात शेवटी कळलं ते तक्रारदाराला. छान.

९ मार्च
पाहणी झाली. नगरहून साहेब आले, बरोबर तलाठी भाऊसाहेब. क्रशरवर फवारे चालू, हिरवी जाळी ताणलेली, कडेने रोपं लावलेली. काहींची प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढली नव्हती. रस्ता ओलाचिंब. साहेब म्हणाले, "मॅडम, धूळ कुठे दिसत नाही." मी खिडकीच्या फळीवरून बोट फिरवून दाखवलं. "ही जुनी असेल."
मग कळलं पाणी कुठलं ते. वस्तीचा टँकर आज टाकीकडे आलाच नाही, परस्पर क्रशरवर गेला. बाया हंडे घेऊन अकरापर्यंत ताटकळल्या आणि तशाच शाळेत आल्या. "तुमच्या अर्जापायी आमचं पानी गेलं." क्रशरवाल्या शेठकडे कुणी गेलं नाही, सगळ्या माझ्याकडे आल्या. वाईट वाटलं, आणि चीडही आली. पण घरी पाण्याचा थेंब नसेल तर मीही जो समोर दिसेल त्यालाच बोलले असते. मावशीने शाळेच्या पिंपातल्या पाण्यावर खिचडी केली आणि शाळा सुटेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.
एक राहिलं. निघता निघता साहेबांनी भाऊसाहेबांना शाळेपासून क्रशरपर्यंत टेप धरायला लावला. अंतर नियमापेक्षा कमी भरलं. तसं पंचनाम्यात लिहिलं. लिहिताना माझ्याकडे बघितलं नाही.

१८ मार्च, बुधवार
क्रशर बंद. कालच आदेश निघाला म्हणे. अंतराची अट पूर्ण होत नाही तोवर बंद. शिंदे सरांनी पेढे आणले, मावशीलाही दिला. तिने घेतला, पण पदराला बांधून ठेवला.
माझ्या पोरांचा आवाज केवढा मोठा आहे हे आज कळलं. खिचडीत नुसती खिचडी लागली. फार बरं वाटलं. घरी आल्यावर ह्यांना दोनदा सांगितलं.

२५ मार्च
बाळू घरी बसून आहे. त्याच्यासारखे वस्तीवरचे अजून चार-पाच. पारावर मोबाईल बघत बसतात. मी जाताना गप्प होतात. पूर्वी 'नमस्कार बाई' म्हणायचे.
रेखा श्रावणीला सोडायला आली. म्हणाली, "पोरगी आता रातची खोकत न्हाई." बरं वाटून मी काही बोलणार, तेवढ्यात, "आन हे रातचे झोपत न्हाईत."

३० मार्च, सोमवार
केंद्रप्रमुख आले. चहा झाला, बदलीची चौकशी झाली, मग मुद्दा. पट कमी आहे, गावातल्या शाळेत विलीन करू. रिक्षा शेठ देणार, दोन्ही वेळची. मी म्हटलं, सर, आत्ता कुठे धूळ थांबलीय, आता का? "मॅडम, जागा सुरक्षित नाही हे तुम्हीच लिहिलंय ना?" मोबाईलवर माझी तक्रारच काढून दाखवली. माझंच वाक्य.
हळूहळू डोक्यात शिरलं. क्रशर काही हलणार नाही, त्याखाली खडक आहे. हलवायची ती शाळा. शाळा नाही तर अंतर कशापासून मोजणार?
विचारलं, आणि घरं? रेखाचं घर तर शाळेपेक्षाही क्रशरला जवळ आहे. म्हणाले, वस्ती रानात आहे, गावठाणात नाही. ती घरं धरत नाहीत.
म्हणजे एवढे दिवस माळ आणि ही माणसं यांच्यामध्ये सरकारला दिसणारी एकच गोष्ट उभी होती, दोन खोल्या आणि एक झेंड्याचा खांब. आणि ती असुरक्षित आहे हे मी स्वतःहून लिहून दिलं. शिंदे सरांना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ.
समितीचा ठराव लागेल. खाली अध्यक्षांची सही.

८ एप्रिल, बुधवार
सभा झाली. म्हणजे बसली. केंद्रप्रमुखांनी ठराव छापूनच आणला होता. दोघा-तिघांनी लगेच हो म्हटलं. एकजण म्हणाला, पोरं तिकडं गेली तर चांगल्या हवेत तरी बसतील. मी म्हटलं, झोपायला तर इथेच येतील. माझा आवाज चढला, चढायला नको होता. तो म्हणाला, "बाई, तुमी पाच वाजता पारनेरला जाता." सकाळच्या शाळेत मी साडेबाराला जाते, पण त्याचं खोटं कुठे होतं.
रेखा खाली बघत बसली होती. पेन पुढे केलं तेव्हा म्हणाली, "आदी टेप माझ्या चुलीपासनं धरा. मग करते सही." केंद्रप्रमुख हसले. ताई, तसं नसतं. "का न्हाई? मानसं कुटं ऱ्हात्यात, शाळंत?" केंद्रप्रमुखांनी पेनाला टोपण लावलं. मावशी दाराशी उभी होती, पदर तोंडाला लावून. बाळू बाहेर झाडाखाली गाडीवर बसलेला. आत आला नाही.
सभा तहकूब. परवा शुक्रवारी परत. अध्यक्ष आल्या नाहीत तर सभा पुन्हा पुढे ढकलावी लागेल, आल्या तर ठराव घ्या, असं मला बजावून गेले. शेठचा निरोप वस्तीवर आधीच फिरलाय. शुक्रवारी सही झाली तर बाळू आणि बाकीचे सोमवारपासून कामावर.
शाळा सुटल्यावर रेखा श्रावणीचं दप्तर घ्यायला थांबली. म्हणाली, "बाई, शुक्रवारी मी यीन का न्हाई, सांगता येत न्हाई." काहीतरी विचारत होती. श्रावणी पटांगणात पळत होती, न थांबता, तीन फेऱ्या झाल्या असतील. आम्ही दोघी तिच्याकडेच बघत राहिलो.
ये म्हणाले नाही. येऊ नको असंही म्हणवलं नाही.