टाळी नको, हात मोजा

आत्ये गो,

पयलं माफ कर. नववीतच शाळा सुटली, वेलांट्या चुकणारच. आणि मोबाईलवर एका बोटाने लिवते, वेळ लागतो. तू जाऊन वर्ष झालं, कधी लिवलं नाय. आज लिवते कारण उद्या ग्रामसभा हाय. जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात आज दोन गणपतींचे डोळे रंगवताना बिघडवले. मालक बोलला, "लक्ष कुठे हाय गो तुझं?" पुसून परत काढले.

गेल्या सभेचं सांगते. पेणवरून सायकलवर पाव आणतो ना तो चाचा, तुझ्यासाठी मुद्दाम कडक पाव बाजूला ठेवायचा? पोरांनी ठराव आणला, त्याच्या धर्माच्या कोणी आपल्या गावात धंदा करायचा नाय. कोणीतरी कारण विचारलं. "कारण कशाला पायजे? गाव आपलं हाय." एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी.

आत्ये, मी पण वाजवली.

का, ते आजून कळत नाय. बाजूच्या बायांचे हात हलले, माझे पण हलले. ग्रामसेवकाने वहीत लिवलं, "सर्वानुमते मंजूर."

तू असतीस तर खुर्चीला धरून उठली असतीस. "टाळी नको, हात मोजा. टाळी तमाशाला." दर सभेला तेच. पोरं हसायची, "आला म्हातारीचा लाल बावटा." मी तुझ्या मागे तोंड लपवायची. लाज वाटायची गो मला तुझी. हे तू होतीस तेव्हा बोलायला पायजे होतं.

रोह्याच्या कंपनीत तुमची युनियन संप करायचा की नाय ते पण हात मोजून ठरवायची, तूच सांगायचीस. "विरोधात एकच हात असला तरी तो वहीत दिसला पायजे. दिसायचा बंद झाला की समज, फॅसिझम आला." मला तो शब्द यायचा नाय. मी फाशीझम बोलायची. तू हसलीस, "राहू दे, चुकीचं नाय बोललीस."

पण तुझ्यावर राग पण हाय. त्या दिवशी तुमचा बावटा होता कुठे? तुझ्याबरोबर मोर्च्याला जायचे ते तात्या मागे बसून पायाकडे बघत होते. नंतर विचारलं तर बोलले, "आता आपलं कोण ऐकतं, पोरी?" कंपनीच्या गेटवर तुम्ही घसा फोडलात, पण गावातल्या पोरांजवळ कधी बसलात काय? त्यांना दुसऱ्यांनी जवळ बसवलं.

चाचा आता गावात येत नाय. परवा गडब गावाजवळ हायवेवर भेटला, टोपलीत पाव तसेच. "बेटी, घरी सगळे बरे?" मला मान वर करता आली नाय.

उद्या पयलं मागच्या सभेचं वहीतलं वाचून कायम करतील. "कायम होईस्तोवर सगळं कच्चं असतं, तेव्हाच उठायचं," हे पण तूच शिकवलंस. यंदा अठरा पूर्ण झाली, मतदार यादीत माझं नाव आलंय. आई बोलते, "उद्या कामावर जा. आपल्याला याच गावात राहायचंय गो." ती पण खोटं नाय बोलत. चाचाचं जे केलं ते उद्या आमच्या घराचं केलं तर?

तुझा आवाज कसा कापायचा नाय? की कापायचा, आणि मला कधी कळलं नाय?

तरी उठणार. पाठ केलंय. "सर्वानुमते खोडा. मी टाळी वाजवली, माझं चुकलं. आता हात मोजा, माझा विरोधात लिवा." मध्येच विसरली तर नुसता हात वर करीन, आणि वहीत लिवल्याशिवाय खाली घेणार नाय. हा शब्द देते तुला.

तुझी,
सुमी

आत्ये, नळाला पाणी आलं बग, चार दिवसांनी. हंडे लावते.