चष्मेवाला की काळ्या झेंड्याचा

प्रिय केवळराम,

पत्र पाहून कपाळाला आठ्या घालशील. घाल. फोन केला असता, पण माझा आवाज ऐकताच तू तो कापला असतास. कागदाचं तसं नाही. लिहिलेलं काही हाती पडलं की वाचल्याशिवाय तुला राहवत नाही, हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे.

आधी गोड बातमी. आपल्या राखीचं जमलं. मुलगा एकोडीचा, मास्तर आहे. पाहायला आला तेव्हा पोहे दोनदा मागून घेतले, म्हणून आमच्या हिला, जनाबाईला, एकदम पसंत. लग्न अक्षय तृतीयेनंतर. दुकानातली साडी राखी हातात धरायला तयार नाही. तू आणि मी, दोन्ही आजोबांनी विणलेलीच नेसणार म्हणते. ती साडी दिवाळीपासून मागावर अर्धी पडली आहे, वर चादर टाकून. करवती काठ, तीन धोटे दोन्ही बाजूंनी फेकायचं काम, दोघांशिवाय होत नाही. शेजारच्या गुलाबला तुझ्या जागी बसवून पाहिलं. काठाचे दात असे आले, जणू बकरीनं खाल्ले. सगळं उसवलं.

आपण भांडलो कशावरून, हे लोकांना सांगायची मला लाज वाटते. जगातला सगळ्यात धोकादायक दहशतवादी कोण! शेठकडून टसर कोशाचं रेशमी सूत यायचं जुन्या पेपरात गुंडाळून, आणि ते पेपर तू मोठ्यानं वाचायचास. नावं आपल्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून माझा तो चष्मेवाला आणि तुझा तो काळ्या झेंड्याचा. मी म्हणायचो, गुपचूप बसून डोकं चालवतो तो जास्त वाईट. तू म्हणायचास, भाषण ठोकून दूरदूरच्या पोरांना घरातून पळवतो तो जास्त वाईट, आया रडत बसतात. तुझं बोलणं मला पटत होतं रे. पण मान्य कसं करणार? चार वर्षं धोटे इकडून तिकडे जात राहिले आणि वाद चालू राहिला, मजेत. त्या दिवशी मात्र तू म्हणालास, "तुले काही समजत नाही, पेपर मी वाचतो." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मंग ऊठ माह्या मागावरून."

तू उठलास. धोटा खिशात टाकलास आणि लाखनीला हायवेवरच्या पोराच्या दुकानात जाऊन बसलास. मला वाटलं, दोन दिवसांत येशील. येणाऱ्याजाणाऱ्याकडून कळतं की तू तिथं ट्रकवाल्यांशी वाद घालतोस. खरं सांगू, मला त्या ट्रकवाल्यांचा हेवा वाटतो.

मागच्या आठवड्यात जनाबाई पेटली. "दोन म्हातारे भांडून राहिले अन् पोरीचं लुगडं अडकून राहिलं. याहून धोक्याचं कोण असन?" राखी हसत सुटली. म्हणाली, आजोबा, थांबा, मी मोबाईलवर बघते, एकदाचा निकाल लावू. तिनं बघितलं आणि माझ्याकडे पाहतच राहिली. माझा चष्मेवाला मेलेला निघाला. आपण भांडलो त्याच्या आधीच, कितीतरी वर्षं! सुताचे पेपर किती जुने असतात, हे ना तू पाहिलंस ना मी. वरची तारखेची पट्टी नेहमी फाटलेलीच असायची. चार दिवस मी तोंड लपवून बसलो. मेलेला कसला धोकादायक? तू जिंकलास हे कळवायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

म्हणून लिहितो आहे, केवळराम. तुला मागावरून उठवलं, ते चुकलं. तुझी जागा रिकामी आहे आणि मला तिथं दुसरं कुणी चालत नाही. धोटा घेऊन बुधवारपर्यंत ये, साडी वेळेत होईल. जिंकल्याबद्दल मिशीला पीळ दे, मी काही बोलणार नाही. फक्त एक गोष्ट राखी आणि मी सोडून घरात अजून कुणाला ठाऊक नाही. राखीनं तुझ्या काळ्या झेंड्याच्यालाही शोधून पाहिलं. तो तर माझ्या चष्मेवाल्याच्याही आधी गेला. ते दोघं केव्हाच गेले रे, आपण दोघं अजून आहोत.

तुझाच,
श्यामराव