घोडीसाठी जुना ट्रेलर

बाबा, मी घोड्यांचा ट्रेलर घेतला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ही बातमी आधी तुम्हालाच सांगावीशी वाटली.

इकडे परदेशात, चँडलरला, आमच्या घराजवळ एक तबेला होता. शनिवारी तिथे मदतीला जाता जाता मी एका म्हाताऱ्या घोडीची मालकीण होऊन बसले. तिला उजव्या डोळ्याने दिसत नाही. दोन हजार सहाच्या वसंतात ती जमीन घरं बांधायला विकली गेली आणि जनावरं हलवायला सांगितली. उत्तरेला डोंगरात एका बाईंच्या रँचवर, म्हणजे घोडे पाळायच्या मळ्यावर, जागा मिळाली, पण घोडी न्यायला आलेल्या माणसाने हात टेकले. त्याच्या अरुंद, अंधाऱ्या ट्रेलरमध्ये ती पाऊलच टाकेना. "म्हातारी आहे, इंजेक्शन देऊन मोकळं करा तिला," असं म्हणून तो निघून गेला. तेव्हाच मी ठरवलं, हिला मीच नेणार.

"अगं यार, आपण सॉफ्टवेअरवाले! ट्रेलर कोण ड्राइव्ह करणार?" नवरा म्हणाला.

"मी."

तो हसला, मग माझ्या तोंडाकडे बघून जुन्या ट्रेलरच्या जाहिराती शोधायला बसला.

ऑफिसातल्या मैत्रिणीने तिचा मोठा ट्रक देऊ केला. त्याच्या मागच्या हौद्यात लोखंडी गोळा बसवलेला होता, म्हणून मला गूजनेक ट्रेलरच हवा होता. त्याची लांब मान हौद्यावर येऊन त्या गोळ्यावर बसते. पहिला पाहिला तो रंगरंगोटी केलेला, चकचकीत. आतली रबरी चटई उचलली आणि फळीला स्क्रू ड्रायव्हर टोचला, तर तो भुसभुशीत लाकडात सरळ आत गेला. "जुन्या ट्रेलरचं असंच असतं," विकणारा म्हणाला. मी तिथून निघाले. दुसरा दिसायला कळकट, पण रुंद, दोन्ही बाजूंना खिडक्या, फळ्या भक्कम. ऑफिसच्या कपड्यांत मी त्याच्या खाली शिरले. मग ट्रकमध्ये बसून ब्रेक दाबला, तर नवराही मागे उभा राहून ओरडत होता, "ब्रेक लाइट लागला, लागला!" तो मी घेतला.

त्या दिवसांत मला आपल्या गावचा जनावरांचा दवाखाना सारखा आठवायचा. तुम्ही टांग्याच्या घोड्याचा पाय धुताय आणि दोर माझ्या हातात दिलाय. घोडा मान झटकतो, मी दोर टाकून थेट फाटकापर्यंत पळते. तुम्ही मला परत बोलावता, दोर पुन्हा हातात देता आणि दरडावता, "भीती वाटू दे. दोर सोडायचा नाही." मला तुमचा भयंकर राग आला होता. संध्याकाळी मोरीत कोपरापर्यंत हात धूत तुम्ही आईला म्हणालात, "आज हिनं घोडा धरला." पळाले ते सांगितलंच नाहीत.

निघायच्या सकाळी सगळ्या खिडक्या उघडल्या, आत गवत टांगलं आणि घोडीच्या दिसत्या डोळ्याच्या बाजूला उभी राहिले. ती मागे रेटते, दोर तळव्यांतून सरकतो, कातडी सोलते. कुंपणापाशी उभी असलेली लेक म्हणते, "ममा, शी इज स्केअर्ड."

"मीपण आहे गं."

ऊन चढतं. घोडी एक खूर आत ठेवते, काढते, पुन्हा ठेवते. मी ओढत नाही, सोडतही नाही. मग कोण जाणे काय तिच्या मनात येतं, ती आपली आपण आत जाते आणि गवत ओढायला लागते. सोललेल्या हातांनी मी दार लावलं, कडी लेकीने घातली.

घाटात मी एकटीच होते, गाडी इतकी हळू चालवली की मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव खाल्ला. वाजवू देत. रँचवर घोडी उतरली, कुरणातल्या मातीत चारी पाय वर करून लोळली आणि उठून दुसऱ्या घोड्यांकडे चालती झाली. आता दर रविवारी तिला भेटायला जाते. अंगावर चरबी धरलीय तिने.

हे पत्र टाकायचं कुठे, म्हणून ट्रेलरच्या कप्प्यातच ठेवतेय. एक मात्र तुम्हालाच सांगते. त्या दिवशी ट्रेलर मागे घेऊन रँचवरच्या शेडमध्ये लावणं मला काही केल्या जमेना. शेवटी तो रँचवाल्या बाईंनी लावून दिला. घरी मी सांगितलंय, मीच लावला.